जुन्या पद्मिनीला कोणतं फिनिश? मोरपंखी पर्ल की मूळचा साधा रंग?

घाटवाट

नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९७४ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी नवी घेतलेली, तेव्हापासून आमच्याकडेच. इंजिन बांधून झालं, ब्रेक आणि वायरिंगही झालं. आता चिंचवडला पत्राकाम संपत आलंय आणि टिंकर रोज विचारतोय, "साहेब, रंग कुठला?"

सध्या गाडीवर मरून मेटॅलिक आहे, पण तो नव्वदच्या दशकात कधीतरी मारलेला. मूळ रंग वेगळा होता एवढं आठवतं, नक्की कोणता ते बाबांनाही सांगता येत नाही. माझ्या डोक्यात मोरपंखी रंग बसलाय, तोही पर्ल, म्हणजे मोत्यासारखी झाक मारणारा. उन्हात निळा, सावलीत हिरवा. बायको म्हणते, जुन्या गाडीला जुनाच रंग शोभतो. बाबांची अट एकच, गाडी टॅक्सीसारखी दिसता कामा नये.

वापर म्हणाल तर रविवारची फेरी आणि वर्षातून एकदा-दोनदा वाई. पार्किंग छपराखाली आहे. प्रश्न असे: पर्ल, मेटॅलिक की साधा रंग? एनसी मारायचा की टू-के? आणि रंग बदलला तर आरसीचं काय?

---

मिसळ_प्लेट

मोरपंखी पद्मिनी! ट्रॅफिक हवालदार आधी फोटो काढेल, मग लायसन्स मागेल. आपलं मत मोरपंखीला.

---

रंकाळा

१९७४ची म्हणजे पद्मिनी या नावाच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी. त्याआधी हीच गाडी फियाट ११०० डिलाइट होती, मग काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४मध्ये पद्मिनी. अशी गाडी पहिल्या मालकाच्या घरात असणं दुर्मिळ. म्हणून सांगतो, मूळ रंग शोधा. सापडेल. सापडल्यावर तो नाकारायचा हक्क तुम्हाला आहेच, पण न बघता नाकारू नका.

---

फ्लेक_आणि_पर्ल

मी उलटं सांगणार. गाडी तुमची, आठवणी तुमच्या, खर्च तुमचा. कारखान्याने १९७४ साली जे डबे उपलब्ध होते त्यातला एक मारला. तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्यात पर्ल असता तर त्यांनीही मारला असता. मूळ रंगाला एवढं पवित्र मानायचं कारण मला दिसत नाही.

मी बुलेटच्या टाक्या रंगवतो. मोरपंखी पर्ल कसा करायचा ते सांगतो: खाली काळा किंवा गडद निळा बेस, त्यावर पर्लचे पातळ हात, वर क्लिअर. काळ्यावर पर्ल जास्त उठतो. पद्मिनीच्या बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर आणि मागच्या कोपऱ्यांवर तो रंग असा फिरेल की लोक वळून बघतील. हौसेची गाडी आहे ना? मग हौस करा.

---

बूथवाले_काका

घाटवाट, मिरजेला माझं गाड्या रंगवण्याचं वर्कशॉप आहे. आता मुलगा बघतो, पण बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीत, मी अजून जातो. रंगाच्या नावाआधी फिनिशचं बोलू, कारण तिथेच पुढच्या वीस वर्षांचा हिशोब ठरतो.

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. ज्याला आपण ड्युको म्हणतो तोच. ड्युपाँ आणि जनरल मोटर्सने १९२०च्या दशकात तो गाड्यांवर आणला. त्याआधी एका गाडीचा रंग वाळायला आठवडे लागत. फोर्डने मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात काढली, त्यात काळा रंग टिकाऊ आणि स्वस्त असणं हे मोठं कारण होतं. एनसी झटपट वाळतो, कुठेही मारता येतो, बूथ नसला तरी चालतं, आणि हाताने घासून पॉलिश केला की जी मऊ, खोल चमक येते ती दुसऱ्या कशाला येत नाही. पण हात भरपूर मारावे लागतात, कारण थिनर उडून गेल्यावर मागे पातळ थर उरतो. पुढची काही वर्षं तो आक्रसत राहतो आणि खालच्या घासाईच्या रेघा वर दिसू लागतात. पेट्रोल सांडलं की डाग. पावसाळ्यात मारला तर हवेतली ओल त्यात बसते आणि रंग पांढरट पडतो.

टू-के म्हणजे रंग अधिक हार्डनर. मिसळल्यावर काही तासांत वापरून संपवायचा. कडक होतो, पेट्रोल-थिनरला दाद देत नाही, ऊन सोसतो. यात दोन पद्धती. एक, सिंगल स्टेज: रंगातच चमक, वर क्लिअर नाही. दुसरी, बेस आणि क्लिअर: आधी मॅट दिसणारा रंग, वर पारदर्शक थर. साधा रंग दोन्ही पद्धतींनी होतो. मेटॅलिक आणि पर्ल आजकाल बेस-क्लिअरनेच होतात.

माझं मत: १९७४च्या गाडीला साधा रंग, टू-के, सिंगल स्टेज. दिसायला जुन्याच्या जवळ, टिकायला आजचा. बेस-क्लिअरमध्ये साधा रंग काचेखाली ठेवल्यासारखा दिसतो, जुन्या पत्र्यावर तो परका वाटतो.

पर्लबद्दल एकच गोष्ट विचारात घ्या. उद्या पार्किंगमध्ये कोणी स्कूटर घासली. साध्या रंगाचा एक दरवाजा मारून विषय संपतो. पर्लला बेसचा टोन, पर्लचे किती हात, स्प्रे गनचा दाब, अंतर, सगळं पुन्हा तसंच जुळायला हवं, नाहीतर तो दरवाजा वेगळाच दिसतो. म्हणून शेजारच्या मडगार्डपर्यंत आणि मागच्या दरवाजापर्यंत रंग विरवत न्यावा लागतो. एका ओरखड्याला अर्धी बाजू.

---

फ्लेक_आणि_पर्ल

काका, मान्य, दुरुस्ती अवघड. पण छपराखाली राहणारी, रविवारी निघणारी गाडी आहे ही, रिक्षा नाही. ओरखड्याच्या भीतीने आवडता रंग सोडायचा?

---

बूथवाले_काका

भीती नको, माहिती असावी. त्यांनी माहिती असून पर्ल निवडला तर मी स्वतः मारून देईन.

---

हेराल्डची_मालकीण

नाशिकहून. आमची स्टँडर्ड हेराल्ड रंगवताना हा सगळा खल मी केलाय, त्यामुळे चार गोष्टी.

रंगाच्या नावावर आणि शेडकार्डावर विश्वास ठेवू नका. बोटाएवढ्या चौकोनात जो रंग भारदस्त वाटतो तो अख्ख्या बॉनेटवर भडक होतो. मी पेंटवाल्याकडून पत्र्याच्या तुकड्यांवर नमुने मारून घेतले आणि ते गाडीच्या क्रोम बंपरला टेकवून बघितले. सकाळच्या उन्हात, दुपारी सावलीत, संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याखाली. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये जुळलेले दोन तुकडे अंगणात ठेवले तर वेगळे निघाले. नमुना सपाट नको, वाकवलेला हवा, कारण गाडी कुठेच सपाट नसते.

दुसरं, गडद आणि चकाकता रंग पत्र्यातली प्रत्येक लाट दाखवतो. दरवाजाच्या पत्र्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. रेघ सरळ असेल तर गडद रंग मारा. रेघ सापासारखी वळत असेल तर एकतर घासाई अजून करा, नाहीतर फिका रंग घ्या. मोरपंखी गडद आहे.

तिसरं, काचा, बीडिंग, रबर, हँडल, दिवे सगळं काढून रंगवायला सांगा. चिकटपट्टी लावून रंगवलेली गाडी सहा महिन्यांत ओळखू येते. रबराच्या कडेला रंगाची कड उभी राहते आणि तिथूनच तो सुटायला लागतो.

आमची हेराल्ड दोन रंगांत आहे, वर फिका पिवळसर पांढरा आणि खाली लाल. तुमच्याकडेही हा मार्ग आहे. इटलीत ११००च्या काही मॉडेलना कारखान्यातूनच दोन रंग मिळत. खाली मोरपंखी, छत क्रीम, बघा विचार करून.

---

परळकर

छत वेगळ्या रंगाचं? बाबांची अट वाचली का? वर पिवळी, खाली काळी, ही तर आमची मुंबईची टॅक्सी :)

माझे वडील पद्मिनी टॅक्सी चालवायचे. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी २००३ची, ताडदेव आरटीओची. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्स्यांना लोक काय रंगवायचे सांगू? सिंथेटिक इनॅमल. दरवर्षी पासिंगच्या आधी. कधी कधी तर ब्रशनेसुद्धा. वडील म्हणायचे, थर एवढे चढलेत की पत्रा गंजला तरी गाडी रंगावर उभी राहील.

टॅक्सीसारखी दिसू नये ही अट मला थोडी लागली, पण तुमच्या बाबांचं मन समजू शकतो. खासगी पद्मिनीवाल्यांना रस्त्यात हात दाखवून थांबवणारे लोक होतेच.

---

घाटवाट

परळकर, बाबांनी तुमचा प्रतिसाद वाचला आणि म्हणाले, त्यांना सांग, अनादर नाही. १९८० साली गाडी घेऊन दादरला गेलो होतो, सिग्नलला एक बाई मागचं दार उघडून आत बसल्या आणि म्हणाल्या, "हिंदमाता."

---

मिसळ_प्लेट

मग सोडलं का हिंदमाताला?

---

घाटवाट

सोडलं. बाबा म्हणतात, वाटेतच होतं.

---

सिएरा_नेवाडा

कॅलिफोर्नियातून लिहितोय. इथे जुन्या गाड्यांवर पर्लच्या पुढची पायरी दिसते, कँडी. चंदेरी किंवा सोनेरी बेसवर रंगीत पण पारदर्शक थर. १९५०च्या दशकात 'जो बेलन' नावाच्या इथल्याच कारागिराने कँडी ॲपल रेड लोकप्रिय केला. लोरायडर (जमिनीलगत बसवलेल्या, सजवलेल्या गाड्यांचे शौकीन) मंडळींच्या शेवरले इम्पालांवर आजही तेच काम बघायला मिळतं. एकेका गाडीवर महिनोन्महिने मेहनत. जवळून बघितलं की नजर रंगाच्या आत शिरते.

पण त्याची अडचण अशी की प्रत्येक हाताबरोबर रंग गडद होत जातो. एका दरवाजावर एक हात जास्त पडला की तो दरवाजा कायमचा गडद. आणि त्यातले रंगद्रव्य उन्हात फिकटतात. ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत ते त्या ट्रेलरवर नेतात-आणतात. घाटवाट यांना वाईला जायचंय, त्यामुळे कँडी बाद समजा.

आणखी एक, इथे रंगातून उडणाऱ्या वाफांवर कडक मर्यादा आहेत, म्हणून बरेच बूथ पाण्यावर आधारलेल्या बेसकडे वळलेत. तिकडे अजून सॉल्व्हंटच चालतं, पण मुद्दा तब्येतीचा आहे. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. नाकाला रुमाल बांधून ते मारणं म्हणजे दम्याला आमंत्रण. एकदा ॲलर्जी बसली की त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. तुमचा पेंटर बाहेरून स्वच्छ हवा येणारा मास्क वापरतो का, विचारा. नसेल तर रंगाच्या बजेटमध्ये मास्क धरा.

---

बूथवाले_काका

सिएरा, हे लिहिल्याबद्दल धन्यवाद. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी रुमालावर आयुष्य काढलं आणि आता पंप घेऊन बसलेत. मुलाने बूथमध्ये हवेचा मास्क आणला तेव्हापासून कोणालाही त्याच्याशिवाय गन हातात देत नाही.

---

रेवदंडेकर

आमच्याकडे खारी हवा, त्यामुळे मी रंगाच्या खाली काय चाललंय त्याचं बोलतो. तुम्ही सगळे चमकीवर भांडताय. कोकणात गाडी वरून सडत नाही, आतून सडते. रनिंग बोर्डच्या पोकळीत, दरवाजाच्या तळाशी, डिकीच्या तळाला, पुढच्या काचेच्या रबराखाली.

पत्रा उघडा केला की त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर. पावसाळी हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस झालेला असतो. नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी महिनाभर उभी ठेवणारे गॅरेजवाले भेटतात, तो थर ओल आत घेतो. पुट्टीचंही तसंच, ती पाणी पिते. उघड्या पुट्टीवर पाणी लावून घासायचं नाही, कोरडंच घासायचं. पाण्याचा पेपर नंतर, सरफेसर (पुट्टीवरचा, रंगाखालचा थर) मारल्यावर. नाहीतर वर्षभरात रंगावर फोड येतात आणि शिव्या रंगाला पडतात.

आणि सगळं झालं की पोकळ्यांमध्ये मेण किंवा गंजरोधक तेल फवारून घ्या. दरवाजाच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. रंगवताना ती हमखास बुजतात.

---

कागदपत्रे_दाखवा

आरसीचा प्रश्न कोणी घेतलाच नाही.

रंग आरसीत लिहिलेला असतो, त्यामुळे बदलला तर आरटीओत अर्ज करून नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. गाडी मरून केली तेव्हा आरसीत नोंद झाली होती का, ते आधी बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत होत नाही आणि मग नूतनीकरणाच्या वेळी प्रश्न येतो.

तुमची गाडी पन्नास वर्षांची झाली, म्हणजे व्हिंटेज नोंदणीही करता येईल. २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ती सोय आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार नसलेली गाडी. नवीन नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण ती घेतली की गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं यासाठीच. तुम्हाला वाईला जायचंय, तर नेहमीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवणं जास्त सोयीचं. घाई करू नका.

---

रंकाळा

व्हिंटेजवरून आठवलं. आमच्या कोल्हापुरात शाही दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक निघते. १९३०च्या दशकातली गाडी. लहानपणापासून बघतोय. लोक सोनं लुटायला येतात तसे तिला बघायलाही येतात.

आणि पर्लवाल्यांसाठी एक जोडमाहिती: मायकाचे पर्ल रंग यायच्या आधी मोत्याची झाक आणायला माशांच्या खवल्यांपासून काढलेला चंदेरी अर्क वापरत. भयंकर महाग. आताच्या पर्लमध्ये मायकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असतो, त्याची जाडी बदलली की झाक बदलते.

---

मिसळ_प्लेट

खवल्यांची गाडी? रेवदंड्याला नेली तर मांजरी सोडणार नाहीत.

---

रेवदंडेकर

आमच्या मांजरी ताजं खातात, १९३०चं नाही.

---

शनिवार_मोकळा

मॅट रंग किंवा रॅप (रंगावर चिकटवायची फिल्म) यावर कोणी का बोलत नाही? मॅट ग्रे पद्मिनी जबरदस्त दिसेल.

---

हेराल्डची_मालकीण

मॅट पॉलिश करता येत नाही. घासलं तिथे चकाकतं आणि तो डाग कायमचा. पक्ष्यांची घाण तासाभरात खूण सोडते. आणि पद्मिनीवर एवढं क्रोम असताना मॅट विझल्यासारखा दिसतो, हे माझं मत. रॅपचं म्हणाल तर खालचा रंग पक्का हवा. जुन्या कमजोर रंगावर लावलेला रॅप काढताना रंगही घेऊन येतो.

---

बूथवाले_काका

घाटवाट, वाद पुरे झाला. आता मूळ रंग कसा शोधायचा ते सांगतो. मागच्या सीटखाली, डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या रबराखाली बघा. तिथे दुसऱ्या पेंटरची गन पोचत नाही.

शिवाय एखाद्या न दिसणाऱ्या जागी रुपयाएवढं वर्तुळ घासा. बारीक वॉटर पेपर, पाणी लावून, मध्ये जास्त आणि कडेला कमी दाब. थर एकाबाहेर एक अशा कड्यांसारखे उघडतात. सगळ्यात आतला रंग कारखान्याचा. आणि थिनरने ओला फडका त्या कड्यांवर फिरवा. एनसीचा थर विरघळून फडक्याला लागतो, नीट पिकलेला टू-के हलत नाही. यावरून खाली काय आहे ते कळेल आणि सगळं उतरवायचं की नाही तेही ठरेल. खाली एनसी असेल तर त्याच्यावर टू-के मारायचा धोका पत्करू नका, तगड्या थिनरने खालचा रंग सुरकुततो. पत्र्यापर्यंत उतरवा.

---

घाटवाट

काका, काल संध्याकाळी केलं. डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला, रबराखाली.

वरून मरून, त्याखाली करडा सरफेसर, मग पांढरा! पांढरा कधी होता हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. बाबा बराच वेळ विचार करून म्हणाले, ८५-८६ला मागून ट्रकने ठोकलं होतं, तेव्हा विम्यात डिकी बदलली, ती पांढऱ्या रंगातच आली होती. म्हणजे ही डिकीच मूळची नाही.

मग पुढे गेलो. मागची सीट काढली, खाली धूळ, एक गंजलेला पाना आणि १० पैशाची नाणी. धूळ पुसली तर पत्र्यावर सरळ तोच रंग, कोणी हातच लावलेला नाही. फिका निळा, थोडा राखाडीकडे झुकणारा. फडक्याला थिनर लावून फिरवला, फडका निळा झाला. बाबांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, वाकून बघितलं आणि आईला हाक मारली. आई म्हणाली, "हो, हाच. माझ्या त्या साडीला मॅचिंग होता."

आता माझी पंचाईत झालीय. रंग खरंच सुंदर आहे.

---

रंकाळा

सांगितलं होतं ना, सापडेल म्हणून! आता कोणी काही बोलू नका, त्यांना ठरवू द्या.

---

फ्लेक_आणि_पर्ल

मी बोलणार. फिका निळा छानच असेल, पण मोरपंखीची हौस मारू नका. दोन्हीचे नमुने मारून बघा. हेराल्डवाल्या ताईंचा सल्ला या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे.

---

बूथवाले_काका

नमुने पत्र्याच्या तुकड्यावर नको. भंगारात पद्मिनीचं जुनं मडगार्ड मिळतं, त्यावर मारा. सीटखालचा रंग जुळवायला जागा पॉलिशने साफ करून मगच मशीनने वाचन घ्या, नाहीतर मशीन धुळीचा आणि पिवळेपणाचा रंग जुळवून देईल. मशीनने दिलेला फॉर्म्युला शेवटचा मानू नका. डोळ्याने बघून एकदा टिंटिंग (रंगात बारीक फेरफार) करावंच लागतं.

---

घाटवाट

मंडळी, निर्णय झाला.

टिंकरने जुन्या बाजारातून दोन मडगार्ड आणली. एकावर अर्धा मोरपंखी पर्ल आणि अर्धा मोरपंखी साधा, दुसऱ्यावर मूळ निळा. तिन्ही अंगणात ठेवले, शेजारी बंपर.

उन्हात पर्लने बाजी मारली, यात वाद नाही. फ्लेक, तुम्ही म्हणालात तसा रंग फिरत होता. पण सावलीत आल्यावर मला त्यात फक्त पर्ल दिसत होता, मडगार्डचा आकार दिसेना. दिव्याच्या वरून जी कड मागे जाते, ती या गाडीची ओळख आहे, ती झगमगाटात हरवली. मूळ निळ्यावर तीच कड स्पष्ट, आणि बंपरचं क्रोम त्याच्याशेजारी जास्त उजळ. साधा मोरपंखी मधेच राहिला, चांगला होता, पण निळ्यासमोर टिकला नाही. बायकोने शेजाऱ्यांनाही बोलावलं होतं, पण खरं सांगायचं तर तोपर्यंत माझं ठरलं होतं.

तर: मूळ निळा, टू-के, सिंगल स्टेज. सगळा जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवायचा, त्याच दिवशी इपॉक्सी. काचा-रबर-बीडिंग सगळं बाहेर. पावसाळा संपल्याशिवाय गनला हात लावायचा नाही. मोरपंखी सोडलेला नाही, सीटची कव्हरं आणि दरवाजाचे पॅड मोरपंखी रेक्झिनचे करतोय. पेंटरला हवेचा मास्क मी घेऊन दिला, तो आधी नाही म्हणत होता, सिएरांचा प्रतिसाद वाचून दाखवला तेव्हा घातला. आरसीत निळाच लिहिलाय, मरूनची नोंद कधी झालीच नव्हती, त्यामुळे उलट तो घोळ निस्तरला.

---

फ्लेक_आणि_पर्ल

आत मोरपंखी, बाहेर निळा. मी माझ्या मतावर कायम आहे, पण ही जोडी बघायला चिंचवडला येणार.

---

परळकर

वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, निळी पद्मिनी कोणी टॅक्सी समजणार नाही, बाबांना सांगा निश्चिंत राहा.

---

बूथवाले_काका

चांगला निर्णय. तीन सूचना. पहिला महिनाभर मेण किंवा पॉलिशची कोटिंग लावू नका, रंगाला आतून वाळू द्या. तोवर नुसतं पाणी आणि मऊ कापड. उरलेला रंग फेकू नका, छोट्या डब्यात काठोकाठ भरून घट्ट बंद ठेवा, वर तारीख आणि टिंटिंगनंतरचा फॉर्म्युला लिहा. हार्डनर मात्र साठवू नका. उघडलेला हार्डनर हवेतली ओल घेऊन खराब होतो, दुरुस्तीच्या वेळी ताजा आणा. आणि सीटखालचा तो पत्रा रंगवू नका. साफ करून तसाच ठेवा, पुढच्या पेंटरला लागेल.

---

घाटवाट

सीटखालचं लक्षातच आलं नव्हतं काका. टिंकरला आत्ता फोन करतो, त्याने उद्या तिथेही रिमूव्हर लावायचं ठरवलं होतं.

---

शनिवार_मोकळा

माझा प्रश्न राहिलाच. माझ्याकडे माझ्या चुलत्यांची जुनी जीप आहे, तिला मिलिटरीचा ऑलिव्ह ग्रीन मारायचाय. सिंगल स्टेजच ना?

---

कागदपत्रे_दाखवा

थांबा, डबा आणू नका. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, नियम १२१. खासगी गाडीला तो रंग मारता येत नाही, आरटीओ नोंदही करणार नाही. दुसरा हिरवा बघा.

---

बूथवाले_काका

बाटलीहिरवा घ्या, जीपला शोभतो. आणि नवा धागा काढा, जीपचा पत्रा वेगळा विषय आहे.